राजाक्काचा नवरा कुठं गेला

माझे वडील, आप्पा, आज्जीच्या घरी जेवायला बसले की लगेच घास घेत नसत. भाकरी मोडून ठेवायचे, पाणी प्यायचे, उगाच पावसापाण्याचं बोलत राहायचे. आज्जीनं त्याच भांड्यातली आमटी आपल्या ताटात ओतून पहिला घास गिळला, की मग त्यांचा हात चालायचा. लहानपणी मला वाटायचं, हा मोठ्यांचा मान ठेवायचा प्रकार आहे. मीसुद्धा तसंच थांबायला शिकले. माझं लग्न ठरायच्या सुमारास एकदा भांडी घासताना आईनं सांगितलं.

"मान कसला गं. त्यास्नी भ्या वाटतंय."

"कशाचं?"

आईनं नळ मोठा सोडला. अनगोळातल्या आमच्या घराच्या भिंती पातळ, शेजारी ऐकू जातं. "तुझ्या आज्जीनं तुझ्या आजोबाला मारून मलप्रभेत टाकलं म्हणतात, मनिषा. तिकडं सगळ्यास्नी म्हाईत हाय. तू आपली गप बस."

मी गप बसले. पण त्यानंतर आज्जीकडं बघायची माझी नजर बदलली, ती बदललीच.

आज्जीचं नाव राजाबाई. गाव तिला राजाक्का म्हणतं. आमची वाडी जांबोटीच्या पुढं, फाट्यावर बस सोडली की जंगलातनं चालत जावं लागतं. आज्जीचं माहेर गुंजी. लहानपणी घरासमोरनं रेल्वे जायची, आणि लग्न करून आली ती अशा ठिकाणी जिथं पावसाळ्याचे चार महिने माणसाचं तोंड दिसणं मुश्कील. नवरा भावकू. उंच, हसरा, बोलघेवडा. तरुणपणी अस्वलानं त्याचा उजवा गाल ओरबाडला होता. डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत नखांच्या तीन खाचा होत्या. आप्पांना आपल्या वडिलांची आठवण म्हणजे त्या खाचांचीच. मांडीवर बसून त्यातनं बोट फिरवायचो, असं ते एकदाच बोलले होते.

वाडीत भाताचं एकच पीक. ते काढून झालं की गडीमाणसं बाहेर पडायची. भावकू दर हिवाळ्याला निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायचा आणि पेरणीच्या आत परत यायचा. आप्पा सात वर्षांचे असताना तो एकदा उशिरा, भर पावसात आला. दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा झाला. नदीच्या डोहाजवळ करवंदीच्या जाळीत त्याचं कांबळं सापडलं. माणूस सापडला नाही.

भावकूचा धाकटा भाऊ मष्णू शेजारच्याच घरात राहायचा. त्यानं आदल्या संध्याकाळी भांडण ऐकलं होतं. खानापुराहून फौजदार आला, डोहात माणसं उतरवली, घर धुंडाळलं. आज्जीला दिवसभर खळ्यात उभं करून प्रश्न विचारले. ती एकच वाक्य बोलत राहिली, "गेला त्यो गेला." कुठं गेला, कसा गेला, काही नाही. प्रेत नाही म्हटल्यावर फौजदार तरी काय करणार. तो निघून गेला आणि संशय तेवढा वाडीत राहिला.

पुढं ती तशीच जगली. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नाही, त्याचा आणखी बोभाटा झाला. मारणारीच ती, तिला कसलं दुःख, असं बायका म्हणायच्या. स्वतः चिखल करायची, रोप लावायची, म्हशी पाळायची, लोणी घेऊन जांबोटीच्या बाजाराला जायची. बस भरलेली असली तरी तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. तिथं ती लोण्याचं मडकं ठेवायची. तिच्या बांधावर कुणाचं जनावर चुकून चढलं तर मालक स्वतः येऊन माफी मागून न्यायचा. आमच्या भागात एकट्या बाईचं शेत भावकीनं गिळलं नाही असं उदाहरण दुसरं सापडायचं नाही. पण हे मला नंतर सुचलं.

आप्पा दहा वर्षांचे झाले तसं तिनं त्यांना गुंजीला मामाकडं शाळेला पाठवलं. तिथनं ते बेळगावला आले, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर झाले, अनगोळात घर बांधलं. दिवाळीला आणि मिरगाला वाडीला जायचे, मुक्काम मात्र टाळायचे. आम्हा पोरांना कधीच एकटं ठेवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीचं, राणीचं लग्न निपाणीत होतं. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात आले होते. कारखान्याच्या कामाला पाठवलं तरी ते काहीतरी निमित्त काढून टाळायचे. सकाळी बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये ते दाढीला बसले आणि मी पिशवी सांभाळत दारात उभी राहिले. न्हाव्यानं त्यांच्या तोंडाला ब्रश लावता लावता हात थांबवला.

"राजूअण्णा, आत्ता तासाभरापूर्वी दाढी करून गेलासा की. एवढ्यात वाढली?"

"कोण राजू?" आप्पा म्हणाले.

न्हाव्यानं ट्यूब लावली, वाकून बघितलं आणि ओशाळला. "चुकलं. तुम्ही थोरलं दिसतासा. पण गिरणीवाल्या राजकुमारचं सख्खं भाऊ शोभतासा बघा. त्यो कधी भाऊ हाय म्हणून बोलला न्हाय."

आप्पांनी दाढी अर्धवट असतानाच विचारलं, "कुठली गिरणी?"

अक्षता पडल्या तेव्हा आप्पा मांडवात नव्हते. मी शोधत बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला उभे. मला म्हणाले, "चल माझ्यासंगं. आईला सांगू नको." वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "कुणीतरी आपल्याला खेळवत असंल. तिकडं जमिनीला भाव आलाय. रिसॉर्टवाली फिरतात. असली सोंगं काढणारी माणसं असतात."

"न्हाव्याला काय ठाऊक आप्पा, तुम्ही येणार ते?"



गिरणी गल्लीच्या टोकाला होती. पट्टा फिरत होता, आत पिठाचा धुरळा. चक्कीपाशी एक माणूस उभा होता. डाव्या पायावर भार, एक हात मानेवर ठेवलेला. आप्पा विचारात असले की अगदी असेच उभे राहतात. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग फक्त आप्पांकडं बघितलं, आणि बटण दाबून चक्की बंद केली. भुवयांवर पीठ बसलेलं.

"काय पायजे?"

"तुमचं मूळ गाव कुठलं?" आप्पांनी विचारलं.

"हेच."

"वडलांचं?"

"कशाला चौकशी?" त्याचा आवाज चढला. "जमिनीबिमिनीचं काम असंल तर मला काय म्हाईत न्हाय. सही मी कुठं करत न्हाय."

आप्पांचं लक्ष आता त्याच्यावर नव्हतंच. वजनकाट्याच्या वर भिंतीला एका म्हाताऱ्याचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. टोपी, पांढऱ्या मिश्या आणि उजव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत तीन खाचा. आप्पा तिथंच गव्हाच्या पोत्यावर बसले.

"अस्वलानं ओरबाडलंतं त्यास्नी," राजकुमार जरा नरमून म्हणाला. "तरुणपणी. जांबोटीकडं कुठं तरी."

"कधी वारलं?"

"धा वर्सं झाली."

दहा वर्षं. म्हणजे माझ्या बारशाला, आप्पांच्या लग्नाला, सगळ्याला तो माणूस बेळगावपासून एका बसच्या अंतरावर जिवंत होता. पहाटे वखारीत हमाली करायचा, संध्याकाळी चहा प्यायचा. आणि वाडीत त्याच्या खुनाची गोष्ट सांगितली जात होती.

"त्यास्नी आधीची बायको होती?" आप्पांनी विचारलं.

राजकुमारनं आतल्या दाराकडं बघून आवाज खाली केला. "होती म्हणायचं. तिनं कोयता उगारला त्यांच्यावर. जीव घेऊन पळाले. मरेपर्यंत रात्रीचं उठून कडी बघायचे, लागलीया का न्हाय. एक पोरगा होता, त्यो मुदतीच्या तापानं वारला म्हणून सांगायचे."

"त्यो मी," आप्पा म्हणाले.

आतलं दार उघडलं. एक अगदी वाळलेली म्हातारी चौकटीला धरून उभी राहिली. ती दुर्गाबाई, राजकुमारची आई. जन्म तंबाखू निवडण्यात गेलेला, त्यामुळे बोलायच्या आधी खोकली. आप्पांचं तोंड तिनं नीट बघून घेतलं आणि मुलाला विचारलं, "तिनं पाठवलंय काय ह्याला?"

तिनं दार लावून घेतलं, आणि आतनं कडी घातल्याचा आवाज आला.

निघताना आप्पांनी राजकुमारला जन्मसाल विचारलं. तो चार वर्षांनी लहान निघाला. म्हणजे भावकू वाडीतनं नाहीसा झाला तेव्हा हा निपाणीत तीन वर्षांचा होता. परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "इकडं त्यो मेलेला. तिकडं मी मेलेला. बरं जमवलंतं."

पुढच्या रविवारी आम्ही वाडीला गेलो. आज्जी पडवीत बसून नाचणी पाखडत होती. ऐंशी पार केलेली बाई, पण सुपाचा ताल चुकत नव्हता. आप्पांनी चप्पलही काढली नाही.

"आये, मी निपाणीला गेलतो."

सूप थांबलं. तिनं मान वर केली नाही. "लग्नाला न्हवं?"

"राजकुमार म्हणून एक हाय तिथं. बापाचा फोटो हाय त्याच्या गिरणीत. हार घातलेला."

"म्हंजे मेला म्हण," आज्जी म्हणाली. सुपातला एक खडा तिनं उचलून अंगणात टाकला. "कधी?"

"तुला ठावं होतं त्यो जित्ता हाय?"

"मीच घालवलाता त्याला. मला ठावं नसंल?"

आणि मग तिनं जे आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं ते, जणू परवाच्या बाजाराची हकीकत सांगावी तसं सांगितलं. भावकू त्या पावसात आला तो निपाणीचा संसार पक्का करून. शेत मष्णूला देतो, तू माहेरी जा, पोरगा मी घेऊन जातो, असं म्हणाला. दोन दिवस ती समजावत राहिली. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यानं झोपलेल्या पोराला कांबळ्यात गुंडाळून उचललं. तेव्हा तिनं दारात आडवं होऊन कोयता हातात घेतला.

"पोरगा खाली ठेव म्हटलं. त्यानं ठेवला. परत आलास तर जित्ता जाणार न्हाईस म्हटलं. गेला. कांबळं वाटंत टाकलं असंल, पळताना जड झालं असंल."

"मग फौजदाराला हे का सांगितलं न्हाईस?"

"सांगणार होते," आज्जी म्हणाली. "तोंड उघडलंतं. तेवढ्यात मष्णूकडं नजर गेली. आदल्या दिवशी बांधावर छाती काढून हुबा होता, आणि त्या दिवशी माझ्याकडं बघून मागं सरकला. दोन पावलं मागं सरकला. तवा मला कळलं. टाकलेली बाई म्हणून ऱ्हायले असते तर पुढच्या पेरणीला शेतातनं भाईर काढली असती मला. मारणारी म्हणून ऱ्हायले, तर कोण जवळ येत न्हाय."

आप्पा पडवीच्या खांबाला टेकले. "मला तरी सांगायचंस."

"सात वर्साचं पोर तू. काकानं गुळाचा खडा दिला असता तर सगळं बोलून आला असतास."

"मोठा झालो की मग."

"मोठा झालास आणि अनगोळात गेलास. इचारायला कधी आलतास?" आता पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "माझा घास बघून जेवतोस. मला दिसत न्हाय वाटतंय? ज्याला आईच्या हातच्या आमटीत इख दिसतंय त्याला मी काय सांगू?"

कोंबड्या सांडलेली नाचणी टिपत होत्या. मग आप्पा खाली बसले, तिच्या समोर, उकिडवे.

"मी कोयता बघितलता, आये."

आज्जीचा हात सुपावर तसाच राहिला.

"जाग आलती मला. तू दारात हुबी होतीस, कोयता घेऊन. मी डोळं मिटून घेतलं. सकाळी बाप न्हवता. फौजदारानं मला खळ्यात बाजूला घेऊन इचारलं, काय बघितलंस. मी सांगितलं, मी झोपलोतो."

"का रं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुला घेऊन गेले असते."

आज्जीनं पदर तोंडाला लावला. रडली का ते मला सांगता येणार नाही. ती उठून म्हशीकडं गेली आणि बराच वेळ परत आली नाही. त्या दिवशी आप्पा वाडीतच राहिले. मी एकटी संध्याकाळच्या बसनं परत आले.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोयता उगारला का नुसता हातात घेतला?"

"हातात घेतला म्हणते."

"निपाणीवाला उगारला म्हणतो. मग जन्मभर कड्या कशाला बघत बसला तुझा आजोबा?" आई भाजी निवडत म्हणाली. "एवढा भ्याला माणूस, तर नुसता हातात न्हाय घेतला तिनं."

मी स्वतः आज्जीला नंतर तीनदा विचारलं. एकदा ती म्हणाली, नुसता दाखवला. एकदा म्हणाली, अंधारात काय दिसत होतं. तिसऱ्यांदा म्हणाली, पाखरू हाकललं म्हणून कोण गोफण मोजत बसतंय का.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. आप्पांनीच फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना सांगितली, मोठ्यानं, चारचौघांत. इतकी वर्षं मनात कुजलेलं त्यांना एकदाचं बाहेर टाकायचं होतं. आज्जीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता बघ गंमत."

गंमत आठवड्यात सुरू झाली. जन्मभर तिला वाट सोडणाऱ्या बायका आता तिच्या पडवीत येऊन बसायला लागल्या. हळूच तिच्या पाठीवरनं हात फिरवायच्या. बिचारी, नवऱ्यानं टाकली गं, आम्हाला काय ठाऊक. एकीनं तर जुनी साडी आणून दिली. आज्जीनं ती म्हशीच्या गोठ्यात टांगून ठेवली. आणि मष्णूचा थोरला मुलगा तम्मण्णा सिमेंटचे खांब घेऊन आला. बांधावरची काजूची झाडं आमचीच होती, असं त्याचं म्हणणं. राजाक्कानं तेव्हा दहशत घालून धरून ठेवली, आता कसली दहशत. दुपारपर्यंत त्यानं आमच्या बाजूला दोन हात आत चार खांब रोवले.

आप्पा धावत गेले. बोलाचाली झाली. सर्व्हेअरला आणू, कोर्टात जाऊ, वगैरे. तम्मण्णा हसत उभा राहिला.

त्याच महिन्यात राजकुमार वाडीला आला. कुणी बोलावलं नव्हतं. आईनं ऐकल्याबरोबर म्हटलं, "आला बघा वाटा मागायला." आप्पांनाही तेच वाटलं. त्यांनी त्याला अंगणात खुर्ची दिली, आत घेतलं नाही. तो आज्जीच्या पाया पडायला वाकला तर तिनं पाय मागं ओढले.

"वाटणी मागायला आलास?"

"न्हाय म्हटलं तर पटंल तुला?"

"न्हाय."

"मग कशाला सांगू," राजकुमार म्हणाला आणि खुर्चीत बसला.

आज्जी त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटतं, तो तिला त्या क्षणी आवडला. तिनं आप्पांना सांगितलं, "आत घे त्याला. भाईर बसवून काय त्यो जाणार न्हाय."

तो दोन दिवस राहिला. शेत बघितलं, डोह बघितला, आपल्या बापाच्या जन्माची खोली बघितली. तिसऱ्या दिवशी गेला. वाट्याचं बोलला नाही. अजूनही बोललेला नाही. दसऱ्याला पिठाची पिशवी पाठवतो, फोन करतो, आप्पांना अण्णा म्हणतो. आप्पा बोलतात त्याच्याशी, हसतातही. पण फोन ठेवला की आईकडं बघतात. आई म्हणते, "अजून मागितला न्हाय, एवढंच."

बायकांच्या येण्याला आज्जी कंटाळली ती गणपतीच्या सुमारास. मी तेव्हा तिथं होते. पाचसहा जणी पडवीत बसल्या होत्या, आणि तम्मण्णाची बायको रचनाही आली होती. बोलता बोलता ती गोड आवाजात म्हणाली, "म्हंजे काकी, तुम्ही काय केलंच न्हवतंसा. उगाच आम्ही इतकी वर्सं भ्यायलो."

आज्जी विळीवर भेंडी चिरत होती. तिनं चिरणं थांबवलं नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या लेकानं, दादांनी. निपाणीत फोटो बघितला म्हणे."

"त्यानं बघितला. सात वर्साचा होता बाप गेला तवा. अस्वलानं काय एकाचाच गाल ओरबाडला ह्या मुलखात? आणि त्यो राजकुमार जमिनीपायी सोंग काढून आला नसंल कशावरनं?" आज्जीनं चिरलेली भेंडी परातीत सारली. "तू बघितलास फोटो? तुझ्या नवऱ्यानं बघितला?"

आज्जीच्या शेजारची बाई जरा सरकून बसली.

"बरं असू दे. फोटोतला त्यो माझाच नवरा असंल," आज्जी म्हणाली. "घ्या, चहा प्या."

चहा झाला, पण बऱ्याच कपात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी काजूंकडं गेले तर खांब होते तिथंच होते. आठवड्यानं आप्पांचा फोन आला. तम्मण्णानं खांब काढून नेले, मापणी झाल्यावर बघू म्हणाला. मापणी अजून झालेली नाही.

आप्पा आता निवृत्त आहेत, अर्धा आठवडा वाडीला असतात. परवा मी त्यांना विचारलं की त्या फोटोतला माणूस नक्की आजोबाच होते ना. ते म्हणाले, "व्हय." थोड्या वेळानं म्हणाले, "मला तर तसंच दिसलं." मग छत्री घेऊन ते म्हशी वळवायला गेले.